तेलकट केलं म्हणून मेंदूत जात नाही

औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात एक ठरलेला प्रश्न असतो: अमिनो आम्लाच्या जातीचं औषध मेंदूत पोचत नसेल तर काय कराल? त्याचं उत्तरही ठरलेलं आहे. रेणूची मेदविद्राव्यता वाढवू, म्हणजे त्याला तेलकट करू. कार्बोक्झिल गटाचं एस्टर करू, अमिनो गट झाकून टाकू, एखादं बेंझिनचं कडं जोडू. या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. मीही ते वर्षानुवर्षं दिले आहेत.

आज मला हे उत्तर उथळ वाटतं. त्यात खोटं काही नाही, पण ज्या औषधांनी रुग्णांचं आयुष्य खरोखर बदललं त्यांचा इतिहास या उत्तरात बसत नाही. अमिनो आम्लांच्या औषधांची मोठी यशं पाहिली तर दिसतं, की रेणू अमिनो आम्लासारखा दिसत राहिला म्हणूनच आत गेला. जिथे ही ओळख पुसली, तिथे बहुतेकदा एक अडचण सुटली आणि दुसऱ्या दोन उभ्या राहिल्या. म्हणून रेणूत रासायनिक बदल करताना पहिला प्रश्न ‘किती तेलकट’ हा असू नये. तो कोणत्या दाराने आत जाणार, आत त्याला कोण मोकळं करणार, कोण बाहेर काढणार आणि मेंदू सोडून आणखी कुठे साठणार, हे चार प्रश्न आधी यायला हवेत. माझं म्हणणं मी टप्प्याटप्प्याने मांडते.

१. भिंतीचं चित्र कुठून आलं

१८८५ मध्ये पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. शरीरातले जवळजवळ सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूला त्या रंगाची ओढच नसावी, असा अर्थ त्यांनी लावला. १९१३ मध्ये त्यांचेच सहकारी एडविन गोल्डमन यांनी ट्रायपॅन ब्लू हा रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. रंग मेंदूला चढत होता, फक्त रक्तातून तिथपर्यंत जात नव्हता. मधे काहीतरी होतं. ते नेमकं काय आहे हे दिसायला १९६७ उजाडलं. थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. इतर अवयवांत पेशींच्या मधल्या फटींतून पुष्कळ काही झिरपतं. मेंदूत त्या फटीच बंद.

इथवरच्या इतिहासाने भिंतीचं चित्र मनात पक्कं केलं. त्याला जोड मिळाली अर्न्स्ट ओव्हरटन यांच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या कामाची: जो पदार्थ तेलात जितका विरघळतो, तितका तो पेशीच्या पडद्यातून सहज जातो. पेशीचा पडदा मेदाचा, भिंत पेशींची, म्हणून तेलकट व्हा आणि भिंतीतून पार व्हा. हिशेब सोपा होता आणि मॉर्फिन-हेरॉइनच्या जोडीने तो खरा करून दाखवला. मॉर्फिनच्या दोन हायड्रॉक्झिल गटांवर ॲसिटिल चढवलं की हेरॉइन होतं आणि ते मॉर्फिनपेक्षा कितीतरी वेगाने मेंदूत शिरतं.

पण जरा थांबून विचार केला तर हे चित्र लगेच डळमळतं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. ती येते मुख्यतः ग्लुकोजमधून, आणि ग्लुकोज तेलात विरघळत नाही. मेंदूला प्रथिनं बांधायला आणि चेतासंदेशक बनवायला अमिनो आम्लं लागतात, तीही पाण्याचीच प्रेमी. नुसती भिंत असती तर मेंदू उपाशी मेला असता. या भिंतीत दारं आहेत, दारावर वाहक प्रथिनं आहेत आणि रोजची सारी ये-जा तिथूनच चालते. मला याला भिंत म्हणण्यापेक्षा नाका म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

२. अमिनो आम्ल अडतं कुठे

अमिनो आम्लाच्या एका टोकाला अमिनो गट असतो, दुसऱ्या टोकाला कार्बोक्झिल. रक्ताच्या ७.४ सामूला पहिल्यावर धन प्रभार येतो, दुसऱ्यावर ऋण. एकाच लहानशा रेणूवर दोन उलटे प्रभार, आणि दोन्हींभोवती पाण्याच्या रेणूंची गर्दी. ही गर्दी सोडून मेदाच्या पडद्यात शिरणं त्याला फार महाग पडतं.

गाबा हे याचं ठळक उदाहरण. चार कार्बनची साखळी, एका टोकाला अमिनो, दुसऱ्याला आम्ल. मेंदूला शांत करणारा हा मुख्य संदेशक मेंदू स्वतःच तयार करतो. फिट्सच्या आजारात मेंदू अनावर पेटतो, तेव्हा बाहेरून गाबा द्यावा ही कल्पना कोणालाही सुचेल. पण रक्तात सोडलेला गाबा मेंदूत नगण्य प्रमाणातच जातो. झोपेसाठी आणि मनःशांतीसाठी गाबाच्या गोळ्या डब्यांतून विकल्या जातात, तेव्हा ही गोष्ट डब्यावर कुठेच लिहिलेली नसते. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या विकत घेणारी माणसं खरोखर झोपेविना तळमळत असतात.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले आणि त्यांच्यापुढे दोन रस्ते होते.

३. तेलाचा रस्ता: सुपारीपासून टियागाबिनपर्यंत

पहिला रस्ता ओव्हरटनचा. त्याची सगळ्यात सुरेख गोष्ट सुरू होते आपल्या ओळखीच्या एका फळापासून. सुपारीत ग्वासिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. हे नाव सुपारीच्या ‘गुवाक’ या संस्कृत नावावरून आलेलं आहे. १९७५ च्या सुमारास पोव्हल क्रोग्सगार्ड-लार्सन आणि ग्रॅहम जॉन्स्टन यांनी दाखवलं, की ग्वासिन आणि त्याचं जवळचं भावंड निपेकोटिक आम्ल ही दोन्ही गाबा परत शोषून घेणाऱ्या पंपांना अडवतात. पंप अडला की चेतापेशींच्या मधल्या जागेत गाबा जास्त वेळ टिकतो. फिट्सवर याहून नेमका उपाय कोणता? फक्त एकच अडचण होती. दोन्ही रेणू मेंदूत जात नव्हते.

उपाय सापडला तो असा. निपेकोटिक आम्लाच्या नायट्रोजनला चार कार्बनची एक साखळी जोडली आणि तिच्या टोकाला गंधक असलेली दोन कडी लावली. मूळ आम्ल जसंच्या तसं ठेवलं, पाठीमागे तेवढी तेलकट शेपटी आली. हे टियागाबिन. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये परवानगी मिळाली. तेलाचा रस्ता चालतो याचा हा पुरावा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण तो नीट पाहा. कार्बोक्झिल गट झाकलेला नाही, अमिनो नायट्रोजनही प्रभार घेऊ शकतो. शेपटी जोडली ती पंपाच्या रचनेत सामावेल अशा बेताने. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतलं ‘एस्टर करू, गट झाकू’ हे त्यात कुठेच नाही.

गट झाकण्याचं उदाहरण हवं असेल तर तेही सुपारीतच आहे. सुपारीतलं अरेकोलिन म्हणजे अरेकायडिन या आम्लाचं मिथाइल एस्टर. एस्टर असल्याने ऋण प्रभार झाकलेला असतो आणि अरेकोलिन मेंदूत सहज जातं. सुपारीने येणारी तरतरी मुख्यतः त्याची. विड्यात चुना लागला की त्याचा काही भाग तोंडातच फुटतो आणि अरेकायडिन हे आम्ल बनतं. झाकलेला रेणू आणि उघडा रेणू, दोन्ही एकाच घासात. पण फरक फक्त आत जाण्या-न जाण्याचा नाही. अरेकायडिन गाबाच्या पंपावर काम करतं. एस्टर झालेलं अरेकोलिन ॲसिटिलकोलिनच्या ग्राहींवर जाऊन बसतं. प्रभार झाकला तशी रेणूची वाट बदलली आणि कामही बदललं. (सुपारी कर्करोगकारक आहे हे इथे सांगायलाच हवं. हे उदाहरण रसायनशास्त्राचं आहे, शिफारस नाही.)

झाकलेला गट मेंदूत गेल्यावर आपोआप उघडेल अशा भरवशावर काढलेलं औषध म्हणजे प्रोगाबाइड. गाबाच्या अमाइडला दोन कड्यांचं मोठं तेलकट ओझं बांधलेलं, आत जाऊन ते सुटावं अशी योजना. फिट्सवर त्याचा थोडाफार उपयोग दिसला, पण यकृताला इजा होऊ लागली. यकृत हा तेलकट रेणूंचा पहिला मुक्काम असतो, कारण असे रेणू पाण्यात विरघळवून बाहेर टाकणं हेच त्याचं काम. रेणू जितका तेलकट, तितका यकृताचा आणि त्याच्यातल्या विकरांचा त्याच्याशी संबंध जास्त.

४. आत शिरलेल्याला हाकलणारे

तेलकटपणाच्या सिद्धान्तावर सगळ्यात मोठा घाव घातला तो उंदरांच्या एका पिंजऱ्याने. ॲम्स्टरडॅमच्या कर्करोग संशोधन संस्थेत आल्फ्रेड शिंकेल यांच्या गटाने पी-ग्लायकोप्रोटीन बनवणारं एक जनुक नसलेले उंदीर तयार केले होते. पिंजऱ्यात कीड झाली म्हणून नेहमीसारखी आयव्हरमेक्टिनची फवारणी झाली. साधे उंदीर ठणठणीत राहिले, ते जनुक नसलेले मेले. १९९४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे उंदीर आयव्हरमेक्टिनला शंभरपट संवेदनशील असल्याचं दिसलं. आयव्हरमेक्टिन भरपूर तेलकट आहे, ओव्हरटनच्या नियमाने ते मेंदूत धो-धो जायला हवं. ते जात नव्हतं, कारण केशवाहिनीच्या पेशीतच बसलेला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप त्याला आल्या पावली रक्तात परत ढकलत होता.

दोन वर्षांनी त्याच गटाने लोपेरामाइडबद्दल तेच दाखवलं. जुलाब थांबवायची ही गोळी घराघरांत असते. मुळात ती अफूच्या जातीची आहे आणि चांगली तेलकटही आहे, तरी ती नेहमीच्या मात्रेत घेऊन कोणाला नशा होत नाही. पंप नसलेल्या उंदरांवर मात्र तिचा अफूसारखाच परिणाम झाला.

हा पंप बहुतेक वेळा मोठे, तेलकट रेणू पकडतो. अमिनो आम्लावर तेलकट ओझी चढवत जाणं म्हणजे नेमकं या पंपाच्या तावडीत सापडण्याची तयारी करणं. याला जोडून मोजमापाची एक फसगत आहे, जी मला सगळ्यात जास्त खटकते. प्रयोगात उंदराला औषध देतात, ठरल्या वेळी मेंदू काढून वाटतात आणि त्या वाटणातलं औषध मोजतात. तेलकट रेणू मेंदूतल्या मेदाला चिकटून बसतात आणि मेंदूच्या कोरड्या वजनाचा जवळपास निम्मा भाग मेद असतो. त्यामुळे आकडा मोठा येतो, आलेख छान दिसतो. पण चिकटलेलं औषध ग्राहीपर्यंत जातच नाही. काम करतं ते फक्त मेंदूच्या पाण्यातलं मोकळं औषध. तेलकटपणा वाढवला की एकूण आकडा वाढतो आणि मोकळा आकडा पुष्कळदा होता तिथेच राहतो. ‘मेंदूत दहापट पोचलं’ असं वाक्य वाचलं की त्यातलं मोकळं किती, हे आधी विचारायला हवं.

५. ओळखीचा रस्ता: लेव्होडोपा

आता दुसरा रस्ता. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूच्या एका भागात डोपामिन कमी पडतं. हे कळण्याच्या वाटेवर आपल्याकडची सर्पगंधा भेटते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून रेसरपिन वेगळं झालं आणि १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निपचित केलेल्या प्राण्यांना डोपा टोचून पुन्हा हलतं केलं. त्यांनी डोपामिन दिलं नाही, डोपा दिलं, हा इथला कळीचा मुद्दा आहे.

डोपामिन मेंदूत जात नाही. आता या दोन रेणूंमधला फरक पाहा. डोपामिनला एक कार्बोक्झिल गट जोडला की डोपा तयार होतं. म्हणजे रेणूवर एक प्रभार वाढला, तो आणखी पाण्याचा झाला. तेलकटपणाच्या मापाने ही उलट्या दिशेची वाटचाल आहे. तरीही आत जातं ते डोपाच, कारण त्या एका गटामुळे ते फिनाइलअलानिन आणि टायरोसिनच्या कुटुंबातलं अमिनो आम्ल होतं आणि या कुटुंबासाठी नाक्यावर स्वतंत्र दार आहे. त्या दाराचं नाव लॅट-१. त्याचं जनुक १९९८ मध्ये हाती आलं आणि त्याची त्रिमितीय रचना २०१९ मध्ये. दाराची अट साधारण अशी: एकाच कार्बनवर मोकळा अमिनो गट, मोकळा कार्बोक्झिल गट, आणि बाजूला प्रभार नसलेला भरघोस भाग. परीक्षेतलं ठरलेलं उत्तर नेमके हेच दोन गट झाकायला सांगतं. ओळखपत्र घरी ठेवून नाक्यावर जावं, तसं ते आहे.

लेव्होडोपा, म्हणजे डोपाचं औषधात वापरलं जाणारं रूप, खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळं करून दाखवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी डोपाच्या मोठ्या मात्रा हळूहळू वाढवत दिल्या आणि गोठलेली माणसं चालू लागली.

दार खरं आहे आणि ते अरुंद आहे, याचा पुरावा १९८४ मध्ये जॉन नट आणि सहकाऱ्यांनी दिला. तो मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. त्यांनी रुग्णांना लेव्होडोपा थेट शिरेतून संथपणे चालू ठेवलं, म्हणजे पोट-आतड्याचा प्रश्नच मिटला. रुग्ण नीट हालचाल करू लागले. मग त्यांना भरपूर प्रथिनांचं जेवण दिलं. रक्तातली लेव्होडोपाची पातळी खाली आली नाही, पण अंग पुन्हा आखडलं. एकेकटी अमिनो आम्लं देऊन पाहिली. फिनाइलअलानिन, ल्युसिन, आयसोल्युसिन यांनी औषधाचा परिणाम घालवला. तेवढ्याच मात्रेत दिलेल्या ग्लायसिन आणि लायसिनने काही बिघडवलं नाही, कारण ती दोन्ही या दाराची गिऱ्हाइकं नाहीत.

माझ्या आत्याला हा आजार होता. सकाळची गोळी आणि मुगाची धिरडी ती एकदमच घेई, आणि दहा वाजता कपबशी हातात खुळखुळायला लागली की म्हणे, “आज गोळी लागूच पडली नाही गं.” गोळी रक्तात पोचलेली असणार. नाक्यावर मुगातल्या ल्युसिनची रांग लागलेली होती. धिरडी तासाभराने खायला लागल्यावर तिच्या सकाळी पुष्कळ सुधारल्या. मेंदूची भिंत मनात धरली असती तर मला हे कधीच सुचलं नसतं. मी डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगितली असती.

६. गॅबापेंटिन, बॅक्लोफेन आणि नशिबाचा भाग

गाबाच्या साखळीला मधोमध सहा कार्बनचं कडं जोडलं की गॅबापेंटिन होतं. जर्मनीत सत्तरच्या दशकात ते बनवणाऱ्यांचा हेतू स्पष्ट होता: गाबाला तेलकट करू, म्हणजे तो मेंदूत जाईल आणि गाबाच्या ग्राहींवर बसेल. औषध मेंदूत गेलं, उपयोगी पडलं, अमेरिकेत १९९३ मध्ये फिट्ससाठी मान्य झालं. पाठ्यपुस्तकं याला तेलकटपणाचा विजय म्हणतात. पण पुढच्या दोन-तीन वर्षांतच या कथेचे दोन्ही खांब कोसळले. १९९५ मध्ये दिसलं, की गॅबापेंटिन ल्युसिनच्या वाटेने, वाहकाच्या खांद्यावरून जातं. कड्यामुळे साखळीची ठेवण अशी होते की दोन्ही प्रभार वाहकाला ओळखीचे वाटतात. आणि १९९६ मध्ये दिसलं, की ते गाबाच्या ग्राहींवर बसतच नाही, कॅल्शियमच्या मार्गिकेच्या एका उपभागाला धरतं. तेलकट करायला गेले आणि हाती आली ओळख. औषध चांगलं निघालं, कारणमीमांसा चुकली होती. चुकलेली कारणमीमांसा यशाच्या आडून शिकवली जाते तेव्हा पुढच्या शंभर रेणूंचं नुकसान होतं, आणि म्हणूनच मी हा लेख लिहिते आहे.

वाहकाने जाण्याची किंमतही गॅबापेंटिनमध्ये दिसते. दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतलं तर सुमारे ६० टक्के रक्तात उतरतं. ४८०० मिलिग्रॅम घेतलं तर जेमतेम २७ टक्के. आतड्यातला वाहक भरून वाहतो, पुढची मात्रा वाया जाते.

बॅक्लोफेनची गोष्ट जरा दुःखाची आहे. गाबाच्या साखळीला फिनाइलचं कडं जोडून रशियात फेनिबुट बनलं. त्याच कड्यावर एक क्लोरीन बसवून १९६२ मध्ये बाझेलला हाइन्रिख केबर्ले यांनी बॅक्लोफेन बनवलं. हेतू फिट्सचा होता. तिथे ते अपयशी ठरलं, पण मज्जारज्जूच्या इजेने ताठरलेले स्नायू सैल करण्यात उत्तम निघालं. तरी तोंडाने दिलेल्या बॅक्लोफेनपैकी फार थोडं मज्जासंस्थेत पोचतं. वाहक त्याला आत नेतो तसे त्याला बाहेर काढणारेही नाक्यावर आहेत. १९८४ मध्ये शिकागोच्या पेन आणि क्रोइन यांनी ते पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडलं. जिथे तोंडाने दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत लागतं, तिथे काहीशे मायक्रोग्रॅममध्ये भागलं. या दोन आकड्यांमधलं शंभरपटीचं अंतर म्हणजे नाक्यावर काय अडतं याचं माणसावर केलेलं मोजमापच आहे.

७. आत गेल्यावर कोण मोकळं करणार

वाहकाच्या पाठीवर बसवलेलं औषध आत जाऊन सुटलं नाही तर सगळी मेहनत फुकट. लेव्होडोपाचं भाग्य असं, की कार्बोक्झिल काढून डोपामिन करणारं विकर मेंदूत आहे. दुर्दैव असं, की तेच विकर आतड्यात आणि यकृतातही आहे. म्हणून सोबत कार्बिडोपा द्यावं लागतं. ते बाहेरचं विकर अडवतं आणि लेव्होडोपाची गरज सुमारे ७५ टक्क्यांनी उतरते. खाजकुइलीचं नुसतं चूर्ण घेणाऱ्यांना हा आधार नसतो.

निकोलस बोडोर यांनी १९८१ मध्ये दुसरी युक्ती मांडली. औषधाला एक तेलकट कडं बांधायचं, जे आत गेल्यावर ऑक्सिडीकरणाने धनप्रभारित होईल आणि मागे फिरण्याचा रस्ता बंद करेल. मग सावकाश बंध तुटून औषध सुटेल. डोपामिन आणि गाबावरही ही युक्ती तपासली गेली. कल्पना म्हणून ती अप्रतिम आहे, पण चार दशकं उलटली तरी तिच्यातून सर्रास वापरातलं औषध आलेलं नाही. प्राण्यातून माणसात येताना विकरांचे वेग बदलतात आणि वेळेचा मेळ बिघडतो, हा अशा योजनांचा जुनाच रोग आहे.

ओळखीच्या रस्त्याचंही अपयश सांगायला हवं. ४-क्लोरोकायन्युरेनिन हे अमिनो आम्ल लॅट-१ मधून आत जातं आणि आतल्या पेशी त्याचं खऱ्या औषधात रूपांतर करतात. कागदावर चारपैकी तीन प्रश्नांना उत्तर होतं. २०१९ मध्ये नैराश्यावरची त्याची चाचणी फसली. दार उघडणं ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे.

चौथा प्रश्न, आणखी कुठे साठणार, हा सगळ्यात दुर्लक्षित. गाबा मोडणाऱ्या विकराला कायमचं जायबंदी करणारं व्हिगाबाट्रिन हे गाबालाच व्हिनाइल गट जोडून बनवलं आहे. बाळांच्या एका दुर्धर फिट्समध्ये ते जीवनदायी ठरतं. पण डोळ्याचा पडदा हाही मेंदूचाच भाग, तिथेही गाबा आहे आणि तिथे औषध साठतं. दीर्घकाळ घेणाऱ्या मोठ्या माणसांपैकी ३० टक्के किंवा त्याहून जास्त लोकांचं दृष्टिक्षेत्र कायमचं आक्रसू शकतं. अमेरिकेत त्याला २००९ पर्यंत परवानगी मिळाली नाही, ती मुख्यतः याच कारणाने.

८. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: डायझेपाम, भुलीची औषधं, नैराश्याच्या गोळ्या या सगळ्या तेलकटच आहेत आणि उत्तम चालतात. हे मान्य. लहान, कमी बंध बनवणाऱ्या, पंपाच्या नजरेतून निसटणाऱ्या रेणूंना ओव्हरटनचा नियम लागू पडतोच. माझा वाद अमिनो आम्लांपुरता आहे. ज्याच्याकडे दाराचं ओळखपत्र जन्मतः आहे, त्याला ते फाडून भिंतीवर चढायला का लावायचं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लॅट-१ ची क्षमता मर्यादित, रक्तातल्या अमिनो आम्लांनी ते आधीच भरलेलं, मग त्यावर किती ओझं टाकणार? बरोबर आहे. ज्या औषधाची ग्रॅममध्ये गरज लागते त्याला हा रस्ता कायम अपुरा पडणार, लेव्होडोपाचे काही चढउतार त्याचेच. म्हणून या दारातून तीव्र औषधं न्यावीत, थोडक्या मात्रेत काम करणारी. आणि ओझं बांधावं ते ओळखीचे दोन गट सोडून, बाजूच्या भागावर. फिनलंडमधल्या कुओपिओच्या संशोधकांनी २००८ मध्ये कीटोप्रोफेन हे वेदनाशामक टायरोसिनच्या बाजूच्या टोकाला जोडून उंदरांच्या मेंदूत लॅट-१ मार्गे नेऊन दाखवलं. ते औषध म्हणून बाजारात आलेलं नाही, पण कुठे जोडायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे त्यातून स्पष्ट कळतं.

तिसरा आक्षेप: आता प्रतिपिंडं आली, ट्रान्सफेरिनच्या ग्राहीवर स्वार होऊन मोठमोठी प्रथिनं आत जातात, मग या लहान रेणूंच्या रसायनशास्त्राचं काय अप्रूप? जपानने २०२१ मध्ये हंटरच्या आजारासाठी असं एक औषध मान्य केलं, ती मोठीच गोष्ट आहे. पण तेही ओळखीनेच आत जातं, तेलकटपणाने नव्हे. आणि ते शिरेतून द्यावं लागतं. गॅबापेंटिन आणि लेव्होडोपा-कार्बिडोपा आपल्याकडे तालुक्याच्या औषधाच्या दुकानात पट्टीने मिळतात. कंपवाताच्या म्हाताऱ्याला रोज तीन-चार वेळा काय घेता येईल, याचा विचार करणाऱ्याने लहान रेणूंचं रसायन सोडून देऊ नये.

९. नाका उलट्या बाजूनेही वापरता येतो

भिंतीचं चित्र मनात असलं की प्रत्येक औषध आत ढकलावंसं वाटतं. पण कार्बिडोपाचं सगळं मोल ते आत जात नाही यातच आहे. आत गेलं असतं तर मेंदूतलं विकरही अडलं असतं आणि डोपामिन बनलंच नसतं. झोप आणणारं हायड्रॉक्झिझिन शरीरात ऑक्सिडीकरण होऊन त्याचं आम्ल बनतं, तेच सेटिरिझिन. एक कार्बोक्झिल गट आला, दोन उलटे प्रभार एका रेणूवर बसले, आणि शिंकांवरची ती गोळी मेंदूबाहेर राहू लागली. डोपामिनला कार्बोक्झिल जोडला तर रेणू आत गेला, इथे तोच गट जोडला तर बाहेर राहिला. फरक एवढाच, की पहिल्या रेणूला ओळखणारं दार होतं, दुसऱ्याला नव्हतं.

आणि फिनाइलकीटोनुरिया. १९३४ मध्ये नॉर्वेच्या आसब्यर्न फोलिंग यांनी ओळखलेल्या या जन्मजात आजारात फिनाइलअलानिन रक्तात साचतं, लॅट-१ च्या दाराशी त्याचीच झुंबड उडते, बाकीची अमिनो आम्लं मागे पडतात आणि मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. पथ्य हा त्यावरचा मुख्य उपाय. पण ज्या मोठ्या रुग्णांना ते कडक पथ्य झेपत नाही, त्यांच्यापैकी काहींना टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन अशा अमिनो आम्लांचं मिश्रण जेवणाबरोबर देतात. आत्याच्या सकाळी ज्या रांगेने बिघडवल्या, तीच रांग इथे मुद्दाम लावलेली असते, फिनाइलअलानिनला दारातून आत शिरायला जागा मिळू नये म्हणून.